डागाबद्दल बोलायचं नाही

८ फेब्रुवारी

चि. फौजदारबाईंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, तार म्हणावी इतकी आखूड. विमा कंपनीसाठी लोकांचे जबाब घेता घेता तुझे स्वतःचे शब्द आटत चाललेत. खोलीचं छप्पर नीट झालं का, घरमालकानं पुन्हा कुरबुर केली का, काही म्हणजे काही कळवलं नाहीस. जानेवारीत त्या छपराच्या निमित्तानं का होईना, आठवडाभर इकडे राहिलीस, बरं वाटलं.

इकडे सगळं छान. बॉयलर रुसला होता, तो आता सुरळीत आहे. हॉटेलवाल्यांनी टेबलक्लॉथ पुन्हा आपल्याच लाँड्रीत द्यायला सुरुवात केली. मधे दुसरीकडे देत होते, तिथे करपवून मिळायचे म्हणे. तुझे भाऊजी इस्त्रीपुढे उभं राहून राहून कमरेत वाकलेत, पण पट्टा बांधा म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, पट्टा बांधला की गिऱ्हाईक वय विचारतं. शेजारच्या चष्मेवाल्यानं मांजर पाळलंय, ते आपल्याच गरम चादरींवर येऊन झोपतं. एकंदरीत मजेत चाललंय.

हो, एक राहिलंच. दवाखान्यातली एक नर्स आपल्याकडे डगले धुवायला टाकते. परवा गर्दी नव्हती, तर काउंटरला टेकून तिनं मला शिकवणीच दिली. बायकांनी आपली छाती घरच्या घरी आपणच कशी तपासावी, याची. मी छाती म्हटलं, तर म्हणाली, स्तन म्हणा, जीभ झडत नाही. म्हटलं तुलाही कळवावं. सहज.

तर ऐक. पाळी संपली की चार-पाच दिवसांनी बघायचं, तेव्हा सूज आणि हुळहुळ कमी असते. माझ्यासारख्या, पाळी गेलेल्या बायकांनी महिन्यातली एक तारीख ठरवायची. आधी आरसा. कमरेपासून वर उघडं होऊन चांगल्या उजेडात उभं राहायचं. हात खाली सोडून बघायचं, मग वर करून, मग कमरेवर दाबून. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसतातच, त्याचं काही नाही. पूर्वी नव्हतं असं काय दिसतंय, ते महत्त्वाचं. कातडीला कुठे खळी पडलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, लाली आहे का, बोंड आत ओढलं गेलंय का.

मग पाठीवर निजायचं. ज्या बाजूचं बघायचं त्या खांद्याखाली उशी, तो हात डोक्यामागे. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं जुळवायची आणि त्यांच्या मऊ पेरांनी, टोकांनी नव्हे, लहान लहान गोल फिरवत जायचं. आधी हलकं, मग जरा दाबून, मग आणखी खोल. गळ्याच्या हाडापासून खाली बरगडीपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. चादरीवर इस्त्री फिरवतो तसं, पट्ट्याला पट्टा लावून, मधे काही सुटता कामा नये. काखसुद्धा चाचपायची. आंघोळीत साबणाच्या हातानं बघितलं तरी चालतं, बोटं घसरतात, बरं कळतं.

आणि बोंडातून आपोआप काही येतंय का, तेही बघायचं. पिळायचं नाही. आपलं आपण येत असेल, एकाच बाजूनं, आणि लालसर किंवा पाण्यासारखं, तर गाठ लागो न लागो, सरळ डॉक्टरांकडे. नर्स हे दोनदा म्हणाली, म्हणून मीही दोनदा लिहिते. गाठ लागो न लागो, सरळ डॉक्टरांकडे. बहुतेकींचं काही वाईट निघत नाही म्हणे. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

करशील ना? केलंस की कळव. भाऊजींचे आशीर्वाद.

लोभ करतेस ते ठाऊक आहे, पत्रातूनही थोडा दिसू दे.

तुझी
ताई


१५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं, शेवटी पेन हातात घेऊन वाचलं. सवय जात नाही.

कालच एका फर्निचरवाल्याचं जळालेलं गोदाम बघून आले. त्यानं आधी मला धंद्यातल्या सगळ्या गमतीजमती सांगितल्या, चहा पाजला, मुलांचं कौतुक केलं, आणि मग 'हो, एक राहिलंच' म्हणत आगीकडे वळला. जो आगीबद्दल सगळ्यात शेवटी बोलतो, त्याच्या डोक्यात आग सगळ्यात आधीपासून असते. ताई, तूही 'हो, एक राहिलंच' लिहिलंयस. आधी बॉयलर, टेबलक्लॉथ, मांजर. मग हळूच ते.

वर 'सहज' म्हणतेस. सहज लिहिणारा माणूस 'सहज' असं लिहीत नाही. आणि तू, जिनं मला माझ्या पहिल्या पाळीबद्दल सांगायलासुद्धा मावशीला पुढे केलं होतं, ती मला पानभर स्तन आणि बोंडं लिहून पाठवतेस? दाल में काला नाही, मला तर अख्खी डाळच काळी दिसतेय.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. बातमी जितकी वाईट, तितकं पत्र गोड. आईच्या वेळी मी वसतिगृहात परीक्षेला बसले होते आणि तुम्ही लिहीत होतात की गुलाबाला कळ्या आल्यात, बाबांनी नवीन वजनकाटा घेतलाय. घरी आले तर आई अंथरुणाला खिळलेली. वर्षभर ती स्तनातली गाठ झाकून लोकांचे कपडे धूत होती. शेवटी शेवटी तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, एक माझ्याशिवाय. तेव्हापासून तुझ्या पत्रात 'सगळं छान' दिसलं की मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचते. या वेळी तर 'छान'ही आहे आणि 'मजेत'ही.

एवढं सगळं लिहिलंस, पण तू स्वतः तपासून बघितलंस का, त्यावर एक अक्षर नाही. म्हणून सरळ विचारते. तुला काही लागलंय का?

फोनच केला असता, पण तुझा फोन काउंटरवर गिऱ्हाइकांच्या नाकासमोर आणि माझा साहेबांच्या टेबलावर. तेव्हा लिहूनच कळव, आणि खरं कळव.

माझी काळजी नको. मी ठणठणीत आहे. जमलं तर बघेन.

लोभ आहे तसाच राहू दे, संशयाचं मी बघून घेते.

तुझी
धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. फौजदारबाईंस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी बरणीतली साखर कुणी खाल्ली ते मुंग्यांच्या रांगेवरून शोधायचीस, तेव्हा कौतुक वाटायचं. आता साखर नाही, मुंग्या नाहीत, तरी तुझं शोधकाम चालूच. मला काही झालेलं नाही. मी घोड्यासारखी धडधाकट आहे. तुझं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी विचारलं काय आणि तू उत्तर काय दिलंस! 'जमलं तर बघेन' हे उत्तर नव्हे. बिल थकवणारी गिऱ्हाइकंसुद्धा याहून बरी बोलतात. बघितलंस का? आरशासमोर उभी राहिलीस का? दोन्ही बाजू बघितल्यास का? डावीकडे नीट बघ. म्हणजे दोन्हीकडे नीट बघ.

एक विचारते, हसू नकोस. तू हल्ली आतले कपडे कुठल्या रंगाचे घालतेस? आपल्याकडे नव्या साबणाची पावडर आलीय, तिच्यासाठी विचारते. शक्यतो पांढरे घाल. पांढरं तब्येतीला चांगलं असतं.

मांजराला तीन पिल्लं झाली, तीही आपल्याच चादरींवर. चष्मेवाला म्हणतो अर्धी तुमची. तीनची अर्धी कशी करायची ते त्यालाच ठाऊक.

उत्तर लवकर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


२६ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. हे ताईला दाखवायचं नाही. वाचा आणि कुठेतरी नीट ठेवून द्या.

मला ताईचा संशय येतोय. तिनं आधी मला स्तनांची तपासणी कशी करावी त्यावर लांबलचक पत्र लिहिलं. तुला काही झालंय का, असं विचारलं तर मांजराची पिल्लं मधे आणली. वर, भाऊजी, तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण तिनं मला आतल्या कपड्यांचा रंग विचारला. कशासाठी, तर साबणाच्या पावडरीसाठी! विषय टाळायचा असला की माणूस काय वाटेल ते विचारतो. हे मी रोज बघते. (मी काळेच घालते हो हल्ली. माझं लाल पेन शर्टाच्या डाव्या खिशात असतं आणि ते गळतं. पांढऱ्यावर डाग पडायला लागले म्हणून जानेवारीत इकडे परतल्यावर सगळे काळे घेतले. पण हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलेय!)

तुम्ही तिच्यासोबत दिवसरात्र असता. ती नीट जेवते का? बारीक झालीय का? हात वर करताना तिला दुखतं का? कुठल्या डॉक्टरकडे जाऊन आली का? काही वेगळं वाटलं तर कळवा. आईचं झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात आहे.

तुमच्या कमरेला पट्टा बांधा. वय तसंही दिसतंच.

तुमची मेहुणी


३ मार्च

चि. मेहुणीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुझं पत्र वाचून माझी झोप उडाली. कारण तू विचारतेस ते सगळं मी बघितलंय, पण मला त्याचा अर्थ लागला नव्हता. हिनं एका बंद पडलेल्या सलूनमधून मोठा आरसा आणलाय आणि तो न्हाणीघरात लावलाय. आत गेली की कडी लावते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मी एकदा दारावर टकटक केली तर आतून एवढी ओरडली की बॉयलर फुटला असं वाटलं. मला वाटलं होतं केसांना कलप लावत असेल. बाईमाणसाचं वय झालं की विचारू नये, म्हणून विचारलं नाही.

आणखी एक. हे आधीच सांगायला हवं होतं. तू इकडे होतीस त्या आठवड्यात एकदा मी दुपारी घरी आलो, तर ही टबापुढे स्टुलावर बसली होती. हात पाण्यात. काही धूत नव्हती. नुसती बसली होती आणि डोळ्यांतून पाणी. मी विचारलं तर म्हणाली, स्पिरिटचा वास डोळ्यांत गेला. मी आपलं खरं मानलं. माझं असंच आहे.

जेवते बरी. हात वर होतात, कारण परवा माझ्यावर उगारला होता. पण काहीतरी आहे खरं. तू म्हणशील तसं करू. तुझं पत्र मी हॉटेलच्या टेबलक्लॉथच्या घडीत लपवलंय, तिथे ही बघत नाही.

तुझे
भाऊजी


६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न.

आता पुरे. सगळा पुरावा हातात आला आहे. आरसा, कडी, टबापुढचं रडणं. मी तिथे असतानाच तुला कळलं होतं, आणि आठवडाभर माझ्यासमोर हसत जेवायला वाढत होतीस. आईनं केलं तेच तू करतेयस, अगदी तसंच, त्याच लाँड्रीत उभी राहून.

मी रविवारी तिकडे येतेय. सोमवारी तुला घेऊन डॉक्टरकडे जाणार. नाही म्हणालीस तर तुझ्या काउंटरवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगेन. या वेळी सगळ्यात शेवटी मला कळलं, असं मी होऊ देणार नाही. मला खूप राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

लोभबिभ नंतर. आधी तू जिवंत राहा.

धाकटी


९ मार्च

चि. सोनूस,
आशीर्वाद.

फौजदार म्हणायची आज इच्छा नाही. रविवारी येऊ नकोस. हे पत्र मी त्या नर्सच्या हाती पाठवतेय, ती कामासाठी तिकडे येतेय. उद्याच मिळेल. मिळाल्याबरोबर बसून वाच.

तुझ्या भाऊजींनी तुझं पत्र टेबलक्लॉथच्या घडीत लपवलं होतं. हॉटेलवाल्यांना घड्या मोजून द्यायच्या असतात हे तीस वर्षांत त्यांना कळलं नाही. मी वाचलं. त्यातलं कंसातलं, गळक्या पेनाचं वाक्य वाचलं आणि काम टाकून हे पत्र लिहायला बसले.

बाबांनी लाँड्री काढली तेव्हा एकच नियम केला होता. डाग बघायचा, काढायचा, बोलायचं नाही. कुणाच्या कॉलरवर काय लागलंय, कुणाची उशी कशानं भिजलीय, धुणाऱ्याला सगळं कळतं. पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर कधी काही म्हणायचं नाही. म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आणि त्याची अब्रूही जाते. मी आयुष्यभर तो नियम पाळला. जानेवारीत तुझ्या बाबतीतही पाळला, आणि तिथेच माझं चुकलं.

तुझे कपडे मी घरच्या टबात हातानं धुतले. तुझ्या पांढऱ्या ब्रावर आतल्या बाजूनं, डावीकडे, जिथे बोंड येतं बरोबर तिथे एक डाग होता. मधे चहासारखा, कडेला तांबूस. दुसरी ब्रा काढली, तिच्यावरही त्याच जागी तसाच. आधी मलाही शाईच वाटली. स्पिरिट लावलं, हलला नाही. मग गंज असेल म्हणून लिंबू चोळलं, तरी हलला नाही. मग थंड पाण्यात मीठ टाकून ठेवली आणि थोड्या वेळानं टबातलं पाणी गुलाबी झालं, म्हणजे रक्तच. भाऊजींनी मला बघितलं ते तेव्हा.

तुझी बहीण म्हणून मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मी लाँड्रीवाली निघाले. दोन्ही स्वच्छ धुतल्या, वाळवल्या, घडी घालून तुझ्या बॅगेत ठेवल्या. पांढऱ्याशुभ्र. तू म्हणतेस ना पुरावा, तो मी माझ्या हातानं धुतला.

शाई म्हणतेस? शाई आधी शर्टाच्या खिशाला लागली असती, मग आतपर्यंत गेली असती. तुझे शर्टही मीच धुतले. खिसे कोरे होते. राखेवरून आग कुठल्या कोपऱ्यात लागली ते सांगणारी तू, आणि स्वतःच्या अंगावरच्या डागाला पेन गळतं म्हणतेस, आणि वर काळे कपडे घेतेस, म्हणजे पुन्हा दिसायलाच नको.

नर्स काउंटरला टेकून आपणहून बोलली नव्हती. तू गेल्यावर मीच तिच्या दवाखान्यात गेले आणि विचारलं. तिनं सांगितलं की ताबडतोब दाखवा. मला तुला सरळ सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून तपासणीची शिकवणी लिहून पाठवली. वाटलं, तू करशील, तुझं तुलाच दिसेल आणि मला बोलावं लागणार नाही. तू उलट माझ्याच मागे लागलीस.

आरशाचं म्हणशील, तर जे मी स्वतः केलं नाही ते तुला कशी सांगणार? पहिल्यांदा नुसता गळा बघून बाहेर आले. दुसऱ्यांदा अर्ध्यातच कपडे चढवले. तिसऱ्यांदा सगळं नीट केलं, काखेसकट. मला काही नाही. खरंच काही नाही. नर्सकडूनही बघून घेतलं, आणि तिनं स्तनांच्या एक्स-रे फोटोची तारीखही लावून दिलीय.

आता तुझं. उद्या पांढरी ब्रा घाल, आणि डाग पडला तर धुऊ नकोस, डॉक्टरांना दाखव. बोटांना गाठ लागली नाही तरी जा. पिळून बघू नकोस. पाळीच्या तारखेची वाट बघू नकोस.

मला भीती वाटते. हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच लिहितेय.

माया करतेस तर आज माझं ऐक.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा राग आला. मग माझं लाल पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर उभं करून ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक थेंब गळला नाही. ते पेन कधीच गळत नव्हतं, ताई. दुसऱ्या कुणी मला असा जबाब दिला असता तर मी पेन मागवून तपासलं असतं. स्वतःचा जबाब मी न बघता मंजूर केला. मला बहुतेक माहीत होतं. बहुतेक आईलाही असंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पांढरी घातली, पेन घरीच ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या बाथरूममध्ये बघितलं. डाग होता. डावीकडे.

घरी येऊन तू लिहिलंस तसं सगळं केलं. आरशात आधी मला फक्त आपली आई दिसली, खांदे अगदी तिचे आहेत माझे, तुला कधी जाणवलं का? मग हळूहळू मी दिसायला लागले. खळी नाही, लाली नाही. निजून तीन बोटांनी बघितलं, पट्ट्याला पट्टा लावून, तू इस्त्रीचं म्हणाली होतीस ते आठवून हसूही आलं. बोटांना काही लागलं नाही. क्षणभर वाटलं, झालं, सुटलो. आणि मग तुझं दोनदा लिहिलेलं वाक्य आठवलं. ते एकदाच लिहिलं असतंस तर मी त्या दिवशी निवांत झोपले असते.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. कपडा बघितला, मला बघितलं, फोटो काढले, सोनोग्राफी केली. बोंडाच्या मागे आत काहीतरी लहानसं आहे म्हणाल्या, बोटांना लागणारं नव्हतंच. सुईनं तुकडा घेऊन तपासायला पाठवलाय. मी त्यांना विचारलं, तुम्ही माझ्यापासून काही लपवताय का? त्या म्हणाल्या, मला अजून काही माहीतच नाही तर लपवू काय? मला तरी संशय आहेच.

उत्तर आलं की तुला कळवेन, जसं असेल तसं. गुलाबाच्या कळ्या मधे आणणार नाही.

तुझ्या लोभाशिवाय मी अजून काळ्या कपड्यांतच बसले असते.

धाकटी


२४ मार्च

ताई,

आजच्या पत्रात मांजर नाही, हवापाणी नाही, तेव्हा तू समजलीच असशील.

ते आहे. आईला होतं तेच. पण लहान आहे आणि दुधाच्या नलिकेच्या आतच आहे, बाहेर पसरलेलं दिसत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना दोनदा सांगायला लावलं, दोन्ही वेळा तेच म्हणाल्या. ऑपरेशन दोन तारखेला. पुढे काय औषधं ते त्यानंतर. लवकर आलात, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी नाही आले, मला पाठवलंय.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. घरमालकालाही सांगितलं, तर तो म्हणाला छपराच्या दुरुस्तीपायी भाडं वाढवणार होतो ते राहू दे. पहिल्यांदाच खरं बोलण्याचा फायदा झाला.

मी ठणठणीत नाही. मला एकटं जायचं नाही. तू ये.

धाकटी


२७ मार्च

चि. सोनूस,
पोटभर आशीर्वाद.

एकतीस तारखेला पोचतेय. भाऊजीही येतायत, पट्टा बांधून. आता कुणी वय विचारलं तर सांगतात, वर विचारणाऱ्याचंही विचारतात. मांजराची पिल्लं चष्मेवाल्याकडे सोपवली, तीनही.

दुकान बंद ठेवायचं म्हणजे पाटी लावणं आलं. भाऊजींनी खडू घेतला आणि विचारलं, कामानिमित्त बंद असं लिहू ना? बाबा असते तर त्यांनी तेच लिहिलं असतं. आईच्या वेळी त्यांनी तेच लिहिलं होतं, मला आठवतंय. मी खडू त्यांच्या हातून घेतला आणि लिहिलं, 'धाकट्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर आहे. वेळेवर कळला. तिच्याकडे जाते आहे. कपडे परत आल्यावर मिळतील.' पाटी काउंटरच्या वर लावली, जिथे कुणाला चुकवून जाता येणार नाही.

भाऊजी म्हणाले, गिऱ्हाइकं काय म्हणतील? गिऱ्हाइकं काउंटरपाशी थांबायची. पाटी वाचायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. मला वाटलं, नियम मोडला, आता सगळे पाठ फिरवणार. संध्याकाळी शाळेतल्या बाई चादरी न्यायला आल्या, चादरी घेतल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. हळूच म्हणाल्या, वेळेवर कळला म्हणजे कसा कळला?

मी दार अर्धं लोटलं, काउंटरवर एक पांढरा टॉवेल पसरला आणि तीन बोटं जुळवून त्यांना दाखवलं. गळ्याच्या हाडापासून सुरुवात करायची, आणि डाग दिसला तर तो बोलून दाखवायचा.

लोभ असो नाहीतर संशय, दोन्ही आता माझ्यावरच असू दे.

तुझी
ताई